सोमवारपर्यंत कळवा

कंपनीचं पत्र एका पानाचं.
बडोद्याच्या प्लांटवर बदली, पगार साडेअकरा हजारांनी जास्त,
दोन बेडरूमचं क्वार्टर,
सोमवारपर्यंत कळवा.

राजरत्नने विजेच्या बिलाच्या पाठीवर उभी रेघ मारली.
डावीकडे राहायचं, उजवीकडे जायचं.
उजवीकडे भराभर लिहीत गेला:
सुगतला झोपायला खाट
(आत्ता तो टेबलाखाली झोपतो,
आणि त्याला तिथंच आवडतं, हे लिहिलं नाही),
गौतमीचा दमा, हवा, अंगण, शिल्लक.
डावीकडे बराच वेळ काही नाही.
मग लिहिलं, सवय.
आणि खोडलं.

पतपेढीतली माझी बारा वर्षं
कुठल्या बाजूला टाकायची, त्याने विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.
कणीक मळत होते, हात भरलेले होते,
असं म्हणू.

मुलांना शनिवारी सांगितलं, जेवताना.
सुगत म्हणाला, तिथे समुद्र आहे?
नाही.
मग काय आहे?
नदी आहे. नदीत मगरी आहेत.
खऱ्या?
खऱ्या. पावसाळ्यात कधी कधी रस्त्यावरसुद्धा येतात,
राजरत्न बोलून गेला, आणि माझ्याकडे बघून गप्प झाला.
पण तोवर सुगत निघालाच होता.
दप्तरात दोन चड्ड्या, बॅटरी, चार बिस्किटं.
बिस्किटं मगरींना.

गौतमी ताटावरून उठली नाही, जेवलीही नाही.
कन्नमवार नगरच्या मैदानात
दोन वर्षं ती खो-खोला बसतेय,
एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे,
गुडघ्यांना कायम माती.
म्हणाली, आई,
मागून खो मिळायच्या आधी उठलं तर फाउल असतो.
आपल्याला खो कुणी दिला?

कुणी दिला?
कंपनीने तर नुसतं विचारलंय.
समोरच्या तीन इमारती पाडल्यात, त्यांच्या धुळीने?
की रात्री दीड वाजता तिच्याच छातीत वाजते
त्या शिट्टीने?
हे तिला कसं सांगायचं,
आणि नाही सांगितलं तर ती काय समजेल.
मी म्हटलं, वरण गार होतंय.

शेजारी लोबोबाईंकडे आमची दुसरी किल्ली असते.
नऊ वर्षं, साखरेच्या डब्यामागच्या खिळ्याला.
मुलं साडेतीनला येतात, मी सहाला.
मधले अडीच तास त्या खिळ्यावर टांगलेले.
एकदा सुगतला ताप आला तेव्हा
त्यांनी त्याला मेणबत्तीशेजारच्या कोचावर झोपवलं
आणि मला फोनसुद्धा केला नाही,
उगाच धावत येशील म्हणून.
तेव्हा मी भांडले होते त्यांच्याशी.
बिलाच्या पाठीवर याला रकाना नाही.
बडोद्यात कुलूप मिळेल, चांगलं मिळेल.
दुसरी किल्ली कुणाला द्यायची
हे कळायला किती वर्षं लागतात?

आज रविवार.
गौतमीने दुपारभर फोनवर गुजराती अक्षरं शोधली,
कुणाला न सांगता, जरा रागानेच,
आणि बिलावर उरलेल्या जागेत दोघांची नावं लिहिली.
ग, त, म, स.
आपलीच अक्षरं, फक्त डोक्यावरची रेघ गेलेली.
सुगत म्हणाला, ताई, पत्रे उडाले!
ती बघत राहिली.
उडाले नाहीत, म्हणाली,
गच्चीवर झोपलेत ते.

म्हणजे तिचं ठरलं, असं मी समजले नाही.
उद्या सकाळी ती पुन्हा मैदानात जाईल
आणि तोंड दुसरीकडे करून बसेल.

पावणेबारा झालेत.
तिघं झोपलेत, त्यातला एक टेबलाखाली.
मी पेन घेतलं, दोन्ही नावांवर रेघ ओढली,
मग अंगठ्याने रेघ झाकून पाहिली,
मग अंगठा काढला.
विजेचं बिल भरायची तारीखही उद्याचीच आहे,
हे आत्ता लक्षात आलं.

शिट्टी अजून वाजलेली नाही.
मी ऐकतेय.