कलम सातची दुरुस्ती

जुलै, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं.
जहराबाहेर धुळीनं सूर्य चिंचोक्याच्या रंगाचा केलेला,
बावन्न अंश,
आणि नियंत्रण कक्षात आम्ही स्वेटर घालून.

पडद्यावरचा आकडा पन्नास असला
की त्याच्याकडे कोणी बघत नाही.
एकोणपन्नास पूर्णांक सहा झाला, तेव्हा
मिशारीनं चहाचा पेला खाली ठेवला.
पूर्णांक चार. रोडेलनं फोन उचलला.
पूर्णांक दोन,
आणि रिलेनं नियमाप्रमाणे, कोणालाही न विचारता
यादीतला पहिला फीडर तोडला.

फीडर चौदा.
कामगारांची वसाहत, खुबूसची बेकरी,
आणि गेल्या डिसेंबरात त्याच तारेच्या टोकाला जोडलेले
चाळीस पांढरे कंटेनर,
जे पापणी लवायच्या आत जागे होऊन
वीज ओतायला लागले होते.

बुडणाऱ्यानं दोर फेकणाऱ्याचाच हात कापावा, तसं झालं.
मग अकरा फीडर गेले.

चौकशीत दोष कोणाचाच निघाला नाही.
कलम सात सोळा वर्षांपूर्वीचं.
तेव्हा वीज देणारे या बाजूला, वीज खाणारे त्या बाजूला.
बॅटरी दोन्हीकडची. पहाटे खाते, संध्याकाळी देते.
तक्त्यात तिला रकाना नव्हता,
म्हणून कोणीतरी तिला 'भार'खाली लिहून टाकलं होतं.
अक्षर माझं होतं.

दुरुस्तीचं कामही मग माझ्याकडेच आलं.

मी परळीची.
औष्णिक केंद्राची चिमणी आमच्या अंगणातून दिसायची,
राख वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची,
आणि वीज जायची ती जायचीच.
वडिलांनी भारनियमनाचं वेळापत्रक पेपरातून कापून
फडताळाच्या दाराला डकवलेलं:
सोम, मंगळ, सकाळी सहा ते दहा.
दहावीची भूमिती मी त्या कागदाशी भांडत शिकले.
आता तो कागद मी लिहिते.

'फोन करून खातरजमा करावी' हे वाक्य आधी खोडलं.
घंटा एकदा वाजेपर्यंत
बॅटरी पन्नास वेळा हो म्हणून झालेली असते.
मग लिहिलं:
भरत असेल तर आधी भरणं थांबवावं.
तिच्या तारेला शेवटपर्यंत हात लावू नये.
तीस टक्के शिल्लक, काही झालं तरी, विकू नये.

या तिसावरून विक्री विभागाशी तीन बैठका.
नासेर म्हणाला, संध्याकाळी सोन्याचा भाव येतो,
तुम्ही ते नुसतं बसवून ठेवणार?
मी म्हटलं, आमच्याकडे याला गंगाजळी म्हणतात.
अर्थ सांगताना अडखळले:
नदीचं पाणी, गडूत बंद,
शेवटच्या घोटासाठी जपलेलं.
तो बराच वेळ गप्प बसला.
मग म्हणाला, पंचवीस.

खरं सांगायचं तर
उन्हात ती स्वतःच थकते,
तिच्या पंख्यांना तिचीच वीज लागते.
दोन तास पुरेल. नंतर यादी आहेच.
यादी रद्द करता येत नाही, मी करून पाहिलं.
वसाहत पहिल्या क्रमांकावरून नवव्यावर नेली,
तिच्या जागी आणलं
मॉलमधलं बर्फावर घसरायचं मैदान.
माझी मुलं जातात तिथे, मिशारी म्हणाला,
आणि सही केली.

रात्रपाळीच्या भिंतीवर जुनं कलम चिकटलेलं होतं.
ओढलं, तर टेपबरोबर रंगही निघाला,
चार कोपऱ्यांत चार पांढरे ओरखडे.
नवं पान जरा लहान आहे.
ते झाकत नाही.