पुठ्ठ्यातला ॲस्कम

म्हापशाच्या बाजारात, न्हाव्याच्या दुकानाला पाठ लावून
माझं बाइंडिंगचं दुकान.
देवळांचे जमाखर्च, वकिलांचे निवाडे,
मोडलेल्या लग्नांच्या फायली,
सगळ्यांना मी कणा देतो.

जानेवारीत मयड्याच्या इगर्जीतून एक पोथी आली,
गायनमेळ्याची. वाळवीनं कडा चघळलेली.
जुना पुठ्ठा वाफेवर धरला तर
पापुद्र्यापापुद्र्यानं सुटत गेला
आणि आतून निघाली सहा पानं:
पाच-पाच रेघा, त्यांवर मोहरी सांडल्यासारखी टिंबं.

जुने बाइंडर असंच करायचे.
कुणाला नको झालेला कागद चिकटवून जाडी आणायचे.
मीही केलंय. एका कवीची अख्खी प्रूफं
एका सोसायटीच्या मिनिटबुकात निजलीत.

वर छापलेलं नाव: विल्फ्रेड ॲस्कम.
लंडन, एकोणीसशे अकरा.
कोपऱ्यात धोबीतलावच्या कुठल्याशा दुकानाचा जांभळा शिक्का,
आणि मध्येच पेन्सिलीनं, रोमी अक्षरांत,
कुणीतरी कोंकणीत लिहिलेलं:
राव रे.

मेस्त कामील, वय एक्याऐंशी.
त्याच्या बाल्कांवात हातभर लांब केळ्यांचा घड.
पानं त्यानं नाकाशी धरली. "खळ," म्हणाला, "तुमचीच जात."
मग चष्मा लावला.
"हे अख्खं नव्हे. पाव हिस्सा.
चौघं बसतात. हा दुसऱ्या व्हायोलिनचा कागद.
पहिल्याचा कुठं असेल, देव जाणे."

"तरी वाजवा."

चार सूर. परत तेच चार,
शिवणयंत्रासारखे खालीवर.
मग एक लांब सूर, आडवा पडलेला,
अंगावर ओझं येईल म्हणून वाट पाहणारा.
ओझं आलं नाही.

मग तो थांबला. गज हवेत.
मला वाटलं, विसरला.
पण पायाचा अंगठा चालू होता.
तेवीस आवर्तनं तो गप्प राहिला,
एकेक मोजून, एकही न चोरता.
त्या रिकाम्या जागेत पोदेराचा भोंगा वाजून गेला,
शेजारच्या विहिरीवर पंप लागला, बंद झाला,
आणि मला, शप्पथ, एक चाल ऐकू आली
जी तिथं नव्हती.

पेन्सिलीचं विचारलं.
"स्वतःलाच सांगतोय तो.
दुसऱ्यानं घाई केली की पहिला पडतो."

हे मला माहीत होतं.
मारुतीच्या देवळात चाळीस वर्षं मी झील ओढतोय.
बुवा वर जाऊन परत येईपर्यंत
खाली जमीन धरून ठेवायची, एवढंच काम.
बुवांचा आवाज बसला त्या एकादशीला
मी नुसतीच झील म्हटली, एकट्यानं.
लोकांनी माना डोलावल्या.
चाल त्यांना पाठ होती.

ह्या ॲस्कमची चाल कुणालाच पाठ नाही.

मेस्ताचा पुतण्या स्विंडनला, गोदामात रात्रपाळीवर.
सुट्टीच्या दिवशी त्यानं तिथल्या वाचनालयात
एक जाड कोश उघडला, फोनवर वाचून दाखवला:
ॲस्कम, वि. शाळामास्तर, ऑर्गनवादक.
काही रचना, आता सहसा वाजवल्या जात नाहीत.
"सहसा!" मेस्त म्हणाला,
आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली.
"कळव त्यांना. शुक्रवारी वाजली. मयड्यात."

पोथी बांधून दिली. नवे पुठ्ठे, नवं कातडं.
बिलात सहा पानं धरली नाहीत.
ती खळ धुऊन, टिपकागदात दाबून
वेगळी शिवली. पेन्सिलीला हात लावला नाही.
इतक्या बारीक कण्यावर सोनेरी अक्षरं बसत नाहीत,
तरी उभं बसवलं: ॲस्कम.

'वि.'ला जागा उरली नाही.