तुटक रेघ

लिफ्टला वीस तेत्रीचं नाणं लागतं.
माझ्याकडे लेझर होता, कापडी टेप होती,
पालिकेचा शिक्का मारलेला नकाशा
आणि पाच लारीची नोट, जी त्या डबीत जात नाही.
म्हणून ग्लदानीतल्या त्या सोळा मजली इमारतीत
मी जिन्यानंच चढले,
आधी मजले मोजत, मग धाप.

काम साधं होतं.
मूळ आराखड्यात प्रत्येक घराला एक गॅलरी,
गॅलरीची खोली एक मीटर वीस.
लोकांनी त्या खोलीची खोली केली.
जे पुढे आलंय ते मोजायचं
आणि तुटक रेघेनं दाखवायचं.
आमच्या खात्यात तुटक रेघ म्हणजे
आहे, पण नसायला हवं.

पाचव्या मजल्यावर लामझिरा.
तिची गॅलरी तीन मीटर चाळीस,
लोखंडी पाय खालच्या घराच्या खांद्यावर,
भिंतीत जुन्या बसची खिडकी, रबरासकट.
त्र्याण्णव साली सुखुमीहून भाऊ आला,
बायको, दोन मुली, एक शिलाई मशीन.
भाऊ गेला. एक मुलगी ग्रीसला, एक पोलंडला.
पलंग अजून तिथंच.
"टेप नीट धर," लामझिरा म्हणाली,
"पलंगाचा पाय मध्ये येतोय."
मी लिहिलं, तीन चाळीस. तुटक.

सहाव्यावर दोन नव्वद, आत केस कापायचं दुकान,
आरशात समोरची सगळी इमारत.
सातव्यावर कबुतरं.
आठव्याचं दार कुणी उघडलं नाही,
रेडिओ मात्र चालू होता.

नवव्यावर लेझरचा लाल ठिपका
कठड्याच्या गजांमधून निसटला
आणि रस्ता ओलांडून समोरच्या भिंतीवर जाऊन बसला.
आकडा आला: चव्वेचाळीस मीटर.
एवढी मोठी गॅलरी
अख्ख्या तिबिलिसीत कुणाची नसेल.

उघडी होती. सबंध इमारतीत ही एकच.
आणि तिच्यात, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत,
दोऱ्यांवर सोललेली पर्सिमनं,
शेकड्यांनी, नारिंगी, सुरकुतायला लागलेली.
प्रत्येक माळेला चिठ्ठी:
पाचवा. बारावा. तिसरा, डावीकडचं दार.
खाली स्टुलावर, ओव्हरकोट घालून, रेवाझ.
अठ्ठ्याहत्तर साली ही इमारत त्यानं कागदावर काढली
आणि नंतर तिच्यातच राहायला आला.

"सगळ्यांनी गॅलऱ्या बंद केल्या," तो म्हणाला,
"चिरी वाळवायची तर वारा आता माझ्याकडेच."
तुम्ही नाही वाढवली?
"एकटा माणूस. कुणासाठी?"
मग एका माळेची गाठ उगाच घट्ट करत,
"शिवाय वाटायचं, एक दिवस कुणीतरी मोजायला येईल
आणि निदान एक तरी बरोबर निघेल."

मी कापडी टेप काढली.
एक टोक त्यानं धरलं, भिंतीशी, गुडघ्यावर बसून.
दुसरं मी, कठड्याशी.
मधे माळा हलत होत्या, डोक्याला चिकटत होत्या.
एक मीटर अठरा.
पुन्हा धरली.
एक मीटर अठरा.

त्यानं चष्मा काढला, पुसला, घातला,
स्वतः वाकून आकडा वाचला.
"म्हणजे बांधतानाच
दोन सेंटिमीटर खाल्ले हरामखोरांनी,"
आणि इतका हसला
की वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं,
रेवाझ, काय झालं?

नवव्या मजल्याची रेघ मी अजून काढलेली नाही.
सरळ काढली तर दोन सेंटिमीटर खोटी.
तुटक काढायला हात होत नाही.
तिथं कागदावर एक डाग पडलाय, गोड,
मुंग्यांना तो ऑफिसात सापडला.

निघताना त्यानं मुठीत नाणं ठेवलं.
मग आठवलं तसं परत घेतलं.
वर जायलाच पैसे लागतात,
उतरणं ह्या लिफ्टमध्ये फुकट.