पंचनामा

अंबडच्या आमच्या शेडमध्ये बोर्ड सलग नऊ दिवस चालला,
एकदाही दचकला नाही.
खेडगावच्या पॅकहाउसात मात्र
रोज रात्री दोन ते तीनच्या मध्ये
मरतो आणि उठतो,
आणि उठल्यावर त्याला काही आठवत नाही.

सगळ्यांनी बोट दाखवलं महावितरणकडे.
मीही. सवयीने.
कॉम्प्रेसर सुरू होताना दिवा मान टाकतो,
तेवढा पुरावा पुरला आम्हाला.
मोठा कपॅसिटर लावला.
दुसऱ्या रात्री पुन्हा तेच, दोन एकेचाळीस.

चिपच्या पोटात आठ बिटांचा एक कप्पा असतो,
जीव कशाने गेला ते तिथे लिहिलेलं असतं.
वीज खचली, कुणी पिन ओढली,
की वॉचडॉगने मानगूट धरली.
वाचला. शून्य.
म्हणजे काहीच न होता गेला?

मग बोरस्तेंच्या खुर्चीत, कानटोपी घालून,
कोड पहिल्यापासून चाळताना ती ओळ सापडली,
उठल्याबरोबर सगळे कप्पे पुसून घे.
कुणी लिहिली पाहिलं. मीच.
तीन वर्षांपूर्वी. शेजारी शेरा, 'स्वच्छता'.
पंच यायच्या आत
रोज रात्री मीच जागा सारवत होते.

ओळ खाली सरकवली. आधी वाच, जपून ठेव, मग पूस.
आणि बसलो,
जे टाळायला आलो तेच घडावं म्हणून.

दोन सत्तावन्न.
आठांत एकच बिट उभं. वॉचडॉग.
वीज निर्दोष.

म्हणजे प्रोग्राम कुठेतरी खिळला होता,
राखणदाराला 'जागा आहे' म्हणायचं राहून गेलं.
"चार नंबर," सुकदेव बोरस्ते म्हणाले,
"आधी चार नंबरचा आकडा थिजतो, मग सगळं जातं.
पहिल्याच दिवशी बोललो होतो, ताई."
वही उघडली.
बोलले होते. माझ्याच अक्षरात, तारखेसकट,
आणि त्याखाली 'व्होल्टेज बघणे', दोनदा अधोरेखित.

डीफ्रॉस्ट संपला की चार नंबरच्या सेन्सरवर दव धरायचं,
कनेक्टरच्या आत, नखाएवढं.
तो उत्तर देईना,
आणि मी लिहून ठेवलेलं, उत्तर येईपर्यंत थांब.
किती, ते लिहिलंच नव्हतं.

आता लिहिलं. दोनशे मिलिसेकंद.
मग सोड, नोंद कर, पाच नंबरकडे जा.

"आता नाही ना बंद पडणार?"
पडेलही, म्हटलं. पण उठल्यावर का ते सांगेल.
त्यांना ते फारसं पटलं नाही.
सुट्या मण्यांची पिशवी पुढे केली,
चार नंबरमधली,
दातांना कळ लागेल इतके गार.