मागचं दार

सवयीनं मी मागच्या दाराकडेच गेले,
तर तिथं पत्रा मारलेला, वर निळा रंग
आणि हसणारं एक म्हातारं जोडपं चिकटवलेलं.
"काकू, पुढून या," आतून मुलगी म्हणाली.
कामावर असताना पुढून मी कधी चढले नव्हते.

अप्परच्या कोपऱ्यावर दर गुरुवारी उभी असते ही गाडी.
निवृत्तीला टेकलेल्यांसाठी. फुकट.
माझे अकरा दिवस राहिलेत.

सीटा काढल्यात. खाली हिरवी चटई, वजनकाटा,
भिंतीवर गुडघ्याचं सोललेलं चित्र.
छताचा दांडा मात्र तसाच आहे.
हात आपोआप वर गेला,
त्याचा चिकट गारवा ओळखीचा निघाला.

नाव? शालन बबन ओव्हाळ.
काम? मी बिल्ला पुढे केला.
दिवसाला पाणी किती पिता?
म्हटलं, ड्युटीवर पाणी नसतं प्यायचं, पोरी.
कात्रज ते निगडी पावणेदोन तास,
आणि टोकाला बाईमाणसाला आडोसा नाही.
ती लिहायची थांबली.
मग "अर्धा लिटर" लिहिलं
आणि खाली रेघ मारली, जोरात.

"आता एका पायावर उभ्या राहा. डोळे मिटून."
मला हसूच आलं.
सव्वीस वर्षं, स्वारगेटचे खड्डे,
धनकवडीच्या पुलाचा उतार,
एका हातात तिकिटाचं यंत्र, दुसऱ्यात सुट्टे,
कंबर सीटच्या पाठीला टेकवून
ती तशीच एका बाजूला उतरून गेली,
पण पडले नाही कधी.
इथं तीन म्हणेपर्यंत मांडी लटलटली.
तिनं खांदा धरला.
"तोल कमी झालाय, काकू."

तोल नाही गं कमी.
गाडी उभी आहे.

तिला काय कळलं कोण जाणे,
खिडकीतून तिनं हाक मारली,
"मंगेशदादा, जरा इंजिन चालू करा ना."
पत्रा घरघरला. तळव्यातून पोटरीत,
पोटरीतून पार बत्तिशीपर्यंत आलं ते.
मी डोळे मिटले, पाय उचलला.
ती मोजत होती.
सोळाच्या पुढे मी ऐकलं नाही,
मार्केट यार्डला कोण उतरणार आहे
ते बघत होते.

निघताना कागद दिला तिनं:
टाचा उचलायच्या, रोज दहा वेळा,
ओट्याला धरून.
ओटा हलत नाही,
हे तिला पुढच्या गुरुवारी सांगेन.
पाण्याची बाटली घेऊन येईन. भरलेली.