हयातीचा दाखला

नोव्हेंबरात आई कामठी रोडच्या बँकेत जाते,
आपण जिवंत आहोत हे सांगायला.
यंत्रावर अंगठा ठेवते. लाल दिवा.
पदराला पुसून पुन्हा. लाल दिवा.
"भांडे घासू घासू बोट गेलं माह्यं," म्हणते,
"तो गेला तं एका तारेवर मानलं सगळ्यायनं.
मले मात्र दरसाली पुरावा."
रांग हसते. क्लार्कही.
चौथ्यांदा हिरवा.

डिसेंबरात पत्रिका येते:
वीरपत्नी कौतिकाबाई दामाजी गजभिये.
डोमाजीचं दामाजी झालेलं.
ती माझं पेन मागून घेते,
वाकून एकेक अक्षर दुरुस्त करते,
जणू नाव चुकलं म्हणून
त्याला फाटकावरच अडवलंय कुणी.

अधिवेशनापायी रस्ते बंद,
रिक्षा सोडून आम्ही चालत जातो.
पहिल्या रांगेतली थंडगार खुर्ची.
बिगुल. मग दोन मिनिटं,
ज्यात मी दरवर्षी
एक चेहरा आठवायचा प्रयत्न करतो
जो मी पाहिलेलाच नाही.
तेव्हा मी पोटात होतो.
कुंपणापलीकडे संत्र्यांची हातगाडी थांबलेली,
गाडीवाल्याच्या हातात त्याची कानटोपी.

शाल, नारळ.
नारळ घरी फुटतो.
शाल ती ठेवत नाही,
मोहल्ल्यात कुणी बाळंत झालं की नेऊन देते.
अकरा लेकरं गुंडाळली त्यांत आजवर.

त्यातलंच एक परवा भरतीत निघालं.
पाया पडायला आलं, बुटांना अजून मैदानाची माती.
आई बराच वेळ बोलली नाही.
मग म्हणाली,
"नाव तेवढं नीट लिहून देजो, बाप्पा."