विभाग सात

पुलाखालच्या ओढ्याला आता रंग नसतो.
आई सांगते, सोमवारी तो निळा असायचा, गुरुवारी लाल.
कोव्हिल्याँत पाण्याकडे बघून वार कळायचा.
त्याच काठावर आता आमचं कॉलेज, व्यवस्थापन शाखा.
रंगाटीच्या दगडी हौदांवर जाड काच टाकली आहे,
तिच्यावर उभे राहून आम्ही मशीनमधली कॉफी पितो.

किंतेलाबाईंनी दुसऱ्या सत्रात बारा पानं वाटली.
एक लोकर गिरणी, तिचं शेवटचं वर्ष.
नाव काळ्या पट्टीनं झाकलेलं.
(या ओढ्यावर गिरण्या अशा होत्या तरी किती.)
"गृहीत धरा," बाई म्हणाल्या, "तुम्ही व्यवस्थापक आहात.
यंत्रं जुनी, कर्ज एवढं, बँकेची मुदत मार्चपर्यंत.
काय बंद कराल?"

गृहीत धरणं मला जमतं.
दीड वर्षात मी बरंच काही धरलंय:
माणूस हिशेबी असतो,
बाजाराला सगळं आधी कळतं,
आणि बाकीच्या गोष्टी आहेत तशाच राहतात.

पान पाच. विभाग सात:
गाठी काढणे व रफू. बावीस बायका.
मूल्यवर्धन, शून्य.

मला माहीत होतं.
तरी मी विभाग सात बंद केला,
दोन परिच्छेदांत, कारणांसकट, शेवटी तक्ता जोडून.
वीसपैकी सतरा मिळाले.

आई सुपासाठी कोबी चिरत होती, केसांसारखा बारीक.
"सतरा? मग तीन कुठे सांडले?"
कागद तिनं मागितला नव्हता, मीच पुढे केला.
हात पुसून तिनं पान खिडकीशी तिरपं धरलं
आणि चष्मा लावायच्या आधीच
डाव्या हाताची बोटं त्यावरून फिरवली.
एकोणीस वर्षं ती अशीच ठाणं तपासायची.
बोटाला गाठ लागली की चिमटा,
गाठ निघाली की सुई,
आणि पुढचं ठाण.

मग चष्मा लावला.
आठव्या ओळीवर बोट थांबलं.
"नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. मजुरी, अदा."
"अदा म्हणजे दिलेली," मी म्हणालो.
"अदाचा अर्थ मला कळतो."
सुरी तिनं पुन्हा उचलली.
"हर्मिनियाचे कानातले त्या जानेवारीत गेले.
आम्ही बावीसजणी फाटकाबाहेर उभ्या, बर्फात.
कुलूप आतून होतं."
पुढे ती काही बोलली नाही. कोबी मात्र
त्या रात्री जाड चिरला गेला.

किंतेलाबाईंना मी ती ओळ दाखवली.
त्यांनी पान उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.
"अकरा वर्षं शिकवते आहे हे," म्हणाल्या,
मग बराच वेळ खाली ओढ्याकडे बघत राहिल्या.
"परीक्षेत मात्र दिलेले आकडेच धर."
बाई वाईट नाहीत. हे वाक्य त्यांनी
नेहमीपेक्षा हळू म्हटलं.

एव्हारिस्तोच्या झेरॉक्सच्या दुकानात
सगळ्या विषयांच्या मूळ प्रती एका कपाटात असतात.
दरवर्षी त्यांच्यावरूनच पुढच्या मुलांसाठी छापतात.
तो बाहेर सिगरेट ओढत होता तेवढ्यात
जुनी प्रत मी काढून घेतली आणि माझी आत सरकवली.
आठव्या ओळीशेजारी, समासात,
यंत्रात नीट उठावं म्हणून काळ्या शाईनं लिहिलंय:
*मिळाली नाही. चौकशी झुल्मिराकडे,
कॉलेजमागचा चढ, दुसरं दार, सहानंतर.*

आईला हे सांगायला मला चार दिवस लागले.
ती रागवेल असं मी गृहीत धरलं होतं.
"वर्गात मुलं किती असतात रे?"
"चाळीसेक."
तिनं चुलीवरच्या पातेल्याकडे पाहिलं,
मग स्टूल ओढून
माळ्यावरच्या मोठ्या पातेल्याला हात घातला.